'मग' या शब्दाची नोंद

दारू सोडल्याचा ४१वा दिवस.

पहाटे तीनला जाग आली तेव्हा नेहमीचे वाक्य उशाशी हजर होते: "तू आयुष्याची माती केलीस." ते माझ्याच आवाजात येत असल्यामुळे मला कायम खरे वाटत आले आहे. समुपदेशकांच्या सांगण्यावरून गेले काही आठवडे मी असे विचार जसेच्या तसे वहीत उतरवतो, आणि आज मागची पाने चाळताना लक्षात आले की त्यांतला एकही विचार तिथेच थांबत नाही, त्याच्या पाठोपाठ 'मग' येतो. "मी वाया गेलेलाच आहे, मग एक पेग घेतला तर काय बिघडणार?" पूर्वार्धात स्वतःला शिक्षा ठोठावायची आणि उत्तरार्धात स्वतःलाच परवाना द्यायचा. नैराश्य आणि व्यसन ही दोन निराळी दुखणी आहेत, असे मी समजत होतो. वहीत ती एकाच वाक्यात नांदताना दिसतात.

ॲरन बेक या मानसोपचारतज्ज्ञांनी नैराश्याच्या रुग्णांमधले हे आपोआप उमटणारे विचार १९६०च्या दशकातच टिपले होते. ॲलन मार्लॅट या मानसशास्त्रज्ञांनी वर्णिलेला प्रकार तर मी स्वतः भोगला आहे: गेल्या वर्षी तीन महिने कोरडे काढल्यावर एका संध्याकाळी एक पेग घेतला, आणि "आता सगळेच संपले" या विचाराने त्यानंतरचे तीन आठवडे गिळले. ते आठवडे त्या एका पेगपेक्षा या विचाराचेच अधिक होते.

दारू झोपेचा उत्तरार्ध बिघडवते आणि मनही खाली ओढते. केवळ दारूमुळे आलेली खिन्नता ती सोडल्यावर बहुधा महिनाभरात ओसरते. माझी ओसरली, पण पुरती नाही, म्हणून डॉक्टरांनी नैराश्यावर स्वतंत्र उपचार सुरू केले. ते ऐकताच मनात आले, "म्हणजे दोष दारूचा नव्हताच!" (हेही वहीत लिहिले; त्याच्यामागेही एक 'मग' दबा धरून होताच.)

पहाटेच्या वाक्यासमोर पुरावे मांडायचे होते. पहिला लिहिला: "ताईने माझ्याशी बोलणे टाकले." शाई वाळायच्या आत आठवले की या महिन्यात तिचे चार फोन येऊन गेले आणि त्यांतला एकही मी उचललेला नाही.