मामांच्या गाडीचं ब्रॅकेट आणि आमचं शॉप

दोन आठवड्यांपूर्वी रविवारी सकाळी सकाळी लासूर स्टेशनहून मामांचा फोन. "आरं तुमच्या कंपनीत ते अल्युमिनियमचं करतेत ना, मंग माझ्या गाडीचं पायदानाचं मोडलंय, एवढं चिटकवून दे की." पायदान म्हणजे मागच्या माणसाचं फुटरेस्ट, आणि मोडलेलं होतं ते ज्याच्यावर हे फुटरेस्ट बसतं ते ब्रॅकेट. आता मामांच्या गाडीवर मागं माणूस कधीच बसत नाही, दोन्ही बाजूला दुधाच्या किटल्या असतात, आणि त्या किटल्यांचा लोखंडी आकडा मामांनी थेट ह्याच ब्रॅकेटमध्ये अडकवलेला. रोज सकाळ संध्याकाळ डेअरीपर्यंत, आणि रस्ता कसा आहे ते त्या बाजूला राहणाऱ्याला सांगायची गरज नाही.

मी संभाजीनगरजवळ वाळूजला एका डाय कास्टिंगच्या, म्हणजे डाय नावाच्या पोलादी साच्यात दाबानं अल्युमिनियमचा रस भरून भाग ओतायच्या, छोट्या युनिटमध्ये क्वालिटीत आहे, सात वर्षं झाली. घरी आणि गावात सगळ्यांना वाटतं मी "बजाजमधी" आहे. १९८५ ला बजाजचा प्लांट आला, तेव्हापासून वाळूजमध्ये काम करणारा प्रत्येक माणूस गावाकडच्या लोकांसाठी बजाजमध्येच असतोय, आम्ही पण आता खुलासा करायचं सोडून दिलंय.

तर मामा तो तुकडा फडक्यात बांधून बजाजनगरला रूमवर आले. मी आधी त्यांना चहा दिला आणि मग तुकडा उन्हात धरून बघितला. मोडलेला भाग बघणं हे आमच्याकडं रोजचं काम, सवय लागून जाते. अर्ध्याहून जास्त भाग काळा मळकट, ऑइल आणि धूळ आत मुरलेली, आणि उरलेला पट्टा एकदम चकचकीत करडा, साखरेच्या दाण्यासारखा. म्हणजे काळा भाग आधीच तडकलेला होता, कित्येक दिवस तसाच चालला, आणि चकचकीत भाग त्या दिवशी गेला. मामांना विचारलं बोल्ट किती होते, तर म्हणले "दोन होते, एक पडला, मंग तार बांधली."

लोखंडाची पट्टी असती तर ती आधी वाकली असती, मामांच्या लक्षात आलं असतं. हे मटेरियल वाकत नाही. आम्ही जे वापरतो त्याला एडीसी १२ म्हणतात, अल्युमिनियममध्ये साधारण साडेनऊ ते बारा टक्के सिलिकॉन आणि दीड ते साडेतीन टक्के तांबं. सिलिकॉनमुळं पातळ रस साच्याच्या कोपऱ्या-कोपऱ्यात पळतो, पण त्याच्यामुळंच थंड झालेला माल जरा कडक आणि ठिसूळ राहतो, ताणला की थोडासाच लांबतो आणि मग टक्कन जातो. वजन मात्र लोखंडाच्या साधारण एक तृतीयांश, म्हणून गाडीवाल्यांना ते पाहिजे असतं.

मामा म्हणले चल वेल्डिंग मारून घेऊ. मी नको म्हणत होतो, पण मामांना नाही म्हणणं आपल्या घरात चालत नाही, म्हणून ओळखीच्या एका टिगवाल्याकडं, म्हणजे अल्युमिनियम जोडणाऱ्या वेल्डरकडं, गेलो. त्यानं तुकडा बघूनच तोंड वाकडं केलं, तरी साफ करून, जोडाला खाच करून आर्क लावला. आणि जे व्हायचं तेच झालं. रस झाला की त्यातून बुडबुडे यायला लागले, गुऱ्हाळातली कढई उकळल्यासारखे, फट फट फुटायचे आणि थंड झालं की वरती सगळी भोकं भोकं. मामा मला म्हणले, "तुमच्या मालात हवा भरून देतेत का काय?"

मला हसू आलं पण खरं सांगायचं तर हो, थोडी हवा राहतेच, आणि ती कशी राहते हे मामांना मी तिथंच बाकड्यावर बसून सांगितलं, तेच इथं लिहायलोय.

आमच्याकडं मशीनच्या बाजूला होल्डिंग फर्नेस असते, त्यात ६५० ते ६८० डिग्रीला रस तयार असतो. आधी त्यात नायट्रोजन सोडून विरघळलेला गॅस काढतेत, वरची मळी काढतेत. लॅडल, म्हणजे मशीनचा पळा, रस उचलून स्लीव्हमध्ये, म्हणजे आडव्या नळीत, ओततो, मागून प्लंजर, म्हणजे रस ढकलणारा दट्ट्या, येतो. आधी हळू, म्हणजे स्लीव्हमधली हवा पुढं सरकून बाहेर जावी, आणि रस गेटपाशी आला की एकदम जोरात. गेट म्हणजे साच्यात शिरायची बारीक फट, तिथून रस सेकंदाला तीस चाळीस मीटरनं आत जातो, ताशी शंभर किलोमीटरच्या वरच झालं की. अख्खं ब्रॅकेट भरायला सेकंदाचा दहावा भागसुद्धा लागत नाही. एवढ्या वेगात रस नुसता वाहत नाही, फवारा उडतो, आणि फवाऱ्यात हवा गुंडाळली जाते. वर माल चिकटू नये म्हणून डायवर मारलेल्या स्प्रेची वाफ वेगळीच. मग शेवटी प्लंजर काही शे बारचा दाब देऊन ती हवा चेपून बारीक करतो. ती गेलेली नसते, चेपून बसलेली असते. तुम्ही परत तिथं रस केला की ती स्प्रिंगसारखी उसळून बाहेर येते. टिगवाल्याची काही चूक नव्हती.

बाकी पुढचं काम दिसायला सोपं आहे. डाय उघडतो, इजेक्टर पिना माल बाहेर ढकलतेत, त्याच्याबरोबर रनर (रस आत जायच्या वाटेत गोठलेला भाग), ओव्हरफ्लो (बाहेर सांडलेला जादा रस) आणि प्लंजरपुढं गोठलेली जाड गोल चकती येते जिला सगळे बिस्किट म्हणतेत (नवीन पोरगं आलं की पहिल्या दिवशी त्याला "बिस्किट घेऊन ये" म्हणून पाठवायचा रिवाज आहे, आणि ते गरम असतंय). मग ट्रिमिंग प्रेसवर जादा भाग कापायचा, फेटलिंगवाल्या, म्हणजे कडा घासणाऱ्या बायकांच्या हातात कानशी, बारीक छऱ्यांचा मारा करून साफ करायचं शॉट ब्लास्टिंग, आणि शेवटी व्हीएमसी म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर ड्रिलनं भोकं आणि टॅपनं आटे.

ह्या शेवटच्या स्टेशनवर आमची झोप उडते. कास्टिंगची वरची कातडी घट्ट असते, कारण ती डायला लागून आधी गोठते, भोकं पोटात असतात. एम ८ च्या, म्हणजे आठ मिलीच्या बोल्टच्या टॅपसाठी ६.८ मिलीचा ड्रिल घातला की कातडी गेली आणि पोट उघडं. मागच्या पावसाळ्यात एका लॉटमध्ये बोल्टच्या भोकात आटेच अर्धे, कस्टमरच्या लाईनवर बोल्ट कसताना आटे निघून आले, आणि सगळा माल परत. दोन रात्री आम्ही सहा जण टॉर्च आणि गेज घेऊन एक एक भोक बघत बसलो. कारण काय निघालं, तर डायवरचे एअर व्हेंट. कागदासारख्या बारीक खाचा असतात त्या, हवा निघते पण रस निघत नाही, त्या फ्लॅशनं (फटीत गोठलेल्या पातळ पापुद्र्यानं) आणि स्प्रेच्या थरानं बुजल्या होत्या आणि तीन शिफ्टमध्ये कुणी साफ केल्या नव्हत्या. चेकशीटवर मात्र तिन्ही शिफ्टची टिक होती. ह्याच्यावर मी जास्त लिहीत नाही, आमचे साहेब पण हे वाचतेत.

तुम्ही तुमच्या गाडीचं ब्रॅकेट पालथं करून बघा एकदा. मागच्या बाजूला छोटे गोल ठसे दिसतील, त्या इजेक्टर पिनांच्या खुणा. मध्यातून जाणारी बारीक रेघ म्हणजे डायचे दोन भाग जिथं मिळतात ती जागा. भिंती सरळ उभ्या नसतात, एखाद डिग्री उतार असतो, नाहीतर माल डायमधून निघणारच नाही. आणि मागं मधमाशीच्या पोळ्यासारख्या फासळ्या असतेत. लोकांना वाटतं कंपनीनं मटेरियल वाचवलं, पण जाड ठोकळा केला तर तो आतून उशिरा गोठतो आणि आकसून पोकळ होतो. तीन मिलीची भिंत आणि फासळ्या, हे जाड ठोकळ्यापेक्षा मजबूत निघतं. मामांना हे काही पटलं नाही, त्यांच्या मते जाड ते चांगलं.

एक गंमत मात्र मामांना आवडली. हे सगळं तंत्र गाडीसाठी निघालंच नाही, छापखान्यातले खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, ओतायला निघालं, त्या मशीनचं पेटंट १८४९ चं आहे. मामांचा धाकटा भाऊ पूर्वी गंगापूरला छापखान्यात कंपोझिटर होता, त्यामुळं ते अर्धा तास खिळ्यांच्याच गोष्टी सांगत बसले.

शेवटी नवीन ब्रॅकेट घेतलं. बसवताना गॅरेजचं पोरगं पान्याला पाईप लावून कसायला लागलं, मी हात धरला त्याचा. लोखंडाचा बोल्ट आणि अल्युमिनियमचे आटे, जास्त जोर लावला की आटे सोलून निघतेत, मग भोक मोठं करून हेलिकॉइल (तारेचे नवे आटे) घाला, म्हणजे नसता खर्च. दोन्ही बोल्ट, खाली वॉशर, टॉर्क रेंचनं हिशोबात कसलं. आणि किटल्यांसाठी वेल्डरकडून अँगलची वेगळी फ्रेम करून सीटखालच्या चॅसीला बांधली, ब्रॅकेटवर आता काहीच टांगलेलं नाही.

काल गावाकडं गेलो होतो. मोडलेला तुकडा मामांनी भंगारात दिला नव्हता, गोठ्याच्या मेढीला दोन खिळ्यांनी ठोकलाय आणि त्याला दुधाची गाळणी अन् दोन दावी अडकवलीत. मी बघायलोय म्हणल्यावर मामा म्हणले, "दोन्ही भोकांत खिळे मारलेत बरं का."