तुम्ही विचारलंत म्हणून: ‘ऑलिम्पिया’ अजून का दाखवतो

“नाझींच्या पैशानं काढलेला सिनेमा तुम्ही फिल्म सोसायटीत का लावता?” हे इतक्यांदा ऐकलंय की एकदा लिहूनच टाकतो.

दिग्दर्शिका लेनी रीफेनश्टाल, त्या बाईंची आरती ओवाळायला मी ‘ऑलिम्पिया’ लावत नाही. पण १९३६च्या बर्लिन ऑलिम्पिकचा हा सिनेमा कुलूपबंद ठेवला की आपण सुटलो, हे मला पटत नाही.

पूर्वी मात्र कारण साधं होतं. मला तो आवडायचा. दुसऱ्या भागाच्या शेवटी डायव्हिंग आहे. सुरुवातीला उडी घेणारा पाण्यात शिरताना दिसतो. हळूहळू पाणी दिसेनासं होतं आणि ढगांवर काळ्या आकृत्या नुसत्या तरंगत राहतात. “यात राजकारण कुठं आहे, दाखवा,” असं मी मुलांना सांगायचो.

एका वर्षी इतिहासाच्या एका मुलीनं विचारलं, “सर, पैसे कुणी दिले?” मी म्हटलं, “बाईंच्या स्वतःच्या कंपनीनं.” पुढच्या रविवारी ती झेरॉक्स घेऊन आली. कंपनी कागदावरच होती. सगळा पैसा गोबेल्सच्या प्रचार मंत्रालयाचा, आणि सरकारचं नाव पुढं येऊ नये म्हणूनच ती काढलेली. मी टेबलापाशी उभ्याउभ्या दोन पानं उलटली, घडी करून झब्ब्याच्या खिशात घातली आणि चारचौघांत म्हणालो, “तू आधी सिनेमा बघायला शीक.” तिचे कान लाल झाले. उरलेले कागद तिनं पिशवीत कोंबले. पिशवीची चेन लागेना, तशीच हातानं धरून ती जिना उतरली. परत कधी आली नाही.

रात्री कागद वाचले. तिचंच बरोबर होतं. रजिस्टरमध्ये तिचा नंबर होता. मी फोन केला नाही.

आता सिनेमाआधी पैशाचं सांगतो. सिनेमाचा पहिला खेळ २० एप्रिल १९३८ला, हिटलरच्या वाढदिवशी झाला, आणि महिनाभर आधीच त्यानं ऑस्ट्रिया गिळला होता, हेही सांगतो. चार सुवर्णपदकं जिंकणारा अमेरिकेचा कृष्णवर्णीय खेळाडू जेसी ओवेन्स यात दिमाखात दिसतो, हा माझा जुना हुकमाचा पत्ता. पण यजमान किती दिलदार, हे जगाला दाखवायला तोच तर उपयोगी होता.

म्हणून सरकारी पैसा म्हणजे खोटाच सिनेमा, हेही मानायला मी तयार नाही. टोकियोच्या १९६४च्या ऑलिम्पिकवर कोन इचिकावांनी सिनेमा केला, तोही आयोजकांच्याच सांगण्यावरून. त्यात चाड देशाचा एक धावपटू कॅन्टीनमध्ये एकटाच जेवत बसलेला दिसतो. असला सिनेमा म्हणजे कसली नोंद, म्हणून जपानचे मंत्रिमहोदय चिडले होते. तो घास मला कुठल्याही पदकापेक्षा जास्त आठवतो. मग फरक पैशाचा की नजरेचा? आणि नजरेचाच असेल, तर ते ढगांवरचे देह मला अजून का खेचतात?

मागच्या खेपेला डायव्हिंगचा भाग गाळून पाहिला. घरी जाताना वाटलं, लपवायचं काम मी पुन्हा केलंच की. यंदा परत पूर्ण लावलाय.