बाटलीची शुगर ११२

मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात दुरुस्तीचा गाळा असला की लोक बिघडलेल्या वस्तूंपेक्षा प्रश्नच जास्त घेऊन येतात. "दादा, हे नवीन आलंय, घेऊ का?" सल्ल्याचे पैसे कोणी देत नाही, चहाही मीच पाजतो. रोज तेच सांगायचा कंटाळा आला म्हणून काउंटरमागे एक पुठ्ठा टांगला आणि स्केचपेनने वर लिहिलं, 'थांबा'. खाली यादी.

२०२० साली त्या यादीत पहिला होता फाइव्ह-जी फोन. नेटवर्कच नाही तर जादा पैसे कशाला देता, असं मी ओरडून सांगायचो. सेवा सुरू झाली १ ऑक्टोबर २०२२ ला, तीही आधी मोजक्याच शहरांत. कित्येकांना तर हातात फाइव्ह-जी फोन असूनही अपडेटची वाट बघत बसावं लागलं. त्याच्या आधीचा थ्रीडी टीव्ही आठवतो? २०१० च्या सुमारास चष्म्यांसकट आला आणि २०१७ पर्यंत मोठ्या कंपन्यांनी तो बनवणंच सोडलं. घडीचा फोन अजून पुठ्ठ्यावर आहे. आतला पडदा गेला की जो आकडा सांगावा लागतो, तो सांगताना मलाच ओशाळल्यासारखं होतं.

थोडक्यात, या यादीचा मला माज होता.

गेल्या महिन्यात लालबागचं एक जुनं गिऱ्हाईक आलं. मिलमध्ये असलेल्या त्यांच्या वडिलांचा रेडिओसुद्धा माझ्याच वडिलांनी दुरुस्त केलेला. त्यांनी रुमालात गुंडाळलेलं एक स्मार्टवॉच काउंटरवर ठेवलं. "दादा, हे बिघडलंय. शुगर चुकीची दाखवतंय. होईल का दुरुस्त?"

घड्याळ १,८०० रुपयांचं. आई बहात्तर वर्षांच्या, मधुमेह जुना, बोटं टोचून टोचून जीव विटलेला. चार महिने त्या रोज सकाळी देवपूजेआधी घड्याळ बघायच्या. आकडा कधी ९८, कधी ११५. पट्ट्या आणायचं बंद झालं, मग जेवणानंतर पेढासुद्धा सुरू झाला. अंगठ्याची जखम भरेना म्हणून दवाखान्यात नेलं तर तिथे शुगर निघाली ३८०.

मी काही न बोलता पाण्याची बाटली घेतली. टिश्यू ओला करून तिच्याभोवती गुंडाळला आणि वरून घड्याळ बांधलं. मागचे हिरवे दिवे लुकलुकले. नाडी ७८. मग शुगरचं पान उघडलं: ११२. 'जेवणानंतर' हा पर्याय दाबला तर १३१. माझा पोरगा फस्सकन हसला. मी डोळे वटारले, कारण समोरचा माणूस हसत नव्हता.

मग मागचं झाकण गरम करून उघडून दाखवलं. आत एक बारकी बॅटरी, एक चिप, दोन हिरवे एलईडी आणि मध्ये प्रकाश टिपणारा एक ठिपका. बस. हिरवा उजेड कातडीवर पडतो, दर ठोक्याला रक्त कमी-जास्त होतं तसा परत येणारा उजेड बदलतो, त्यावरून नाडी मोजतात. ते काम चांगली घड्याळं बऱ्यापैकी करतात. पण त्या उजेडाला साखर कळत नाही. असली घड्याळं ठोक भावात आणून विकणाऱ्यांना हे माझ्याइतकंच ठाऊक असतं. आणि मोबाईलवर खोका उघडून 'वॉव' म्हणणाऱ्या पोरांनी एकदा तरी बाटलीला बांधून बघावं की!

न टोचता साखर मोजायचे प्रयत्न काही कमी झालेले नाहीत. २००१ मध्ये अमेरिकेत ग्लुकोवॉच नावाच्या यंत्राला मान्यता मिळाली होती. ते बारीक विजेने कातडीतून द्रव ओढायचं, त्याने कातडी लाल व्हायची, पुढे ते बाजारातून गेलं. गूगलने २०१४ मध्ये डोळ्यात घालायची लेन्स जाहीर केली, अश्रूंतून साखर मोजणार म्हणून. २०१८ मध्ये ते काम थांबवलं, कारण अश्रूतल्या साखरेचा रक्तातल्या साखरेशी भरवशाचा मेळ बसेना. दंडाला चौदा दिवस चिकटवायचा सेन्सर मिळतो तो खरा, पण त्याचीही बारीक तार कातडीखाली जातेच. अमेरिकेत औषधं-उपकरणांना मान्यता देणाऱ्या एफडीए या सरकारी खात्याने तर फेब्रुवारी २०२४ मध्ये सरळ सांगितलं, न टोचता साखर दाखवणारं स्मार्टवॉच किंवा स्मार्ट अंगठी वापरू नका, असल्या एकालाही आम्ही मान्यता दिलेली नाही.

हे सगळं मी चांगलं रंगवून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि माझ्या मागे बोट दाखवलं.

"पण दादा, मी तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, वर्षभर थांबा. मी थांबलो की."

पुठ्ठ्यावर, घडीच्या फोनच्या खाली, माझ्याच अक्षरात: शुगरचं घड्याळ.

फाइव्ह-जी फोन खरा होता, फक्त रस्ता तयार नव्हता. इथे गाडीच नव्हती. मी दोघांना एकाच पुठ्ठ्यावर बसवलं आणि वर लिहिलं 'थांबा'. एसटी स्टँडवर माणूस थांबतो तो गाडी येणार म्हणूनच.

मी त्यांना म्हटलं, घड्याळ ठेवून जा, मला बघू दे. बघण्यासारखं काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी झाकण चिकटवलं आणि शुगरचं पान तरी लपवता येतं का म्हणून सगळे मेनू धुंडाळले. नाही लपत. ॲपमधूनही नाही.

काल त्यांचा फोन आला. आईचा अंगठा वाचला, इन्सुलिन सुरू आहे, रोज दोनदा टोचून तपासतात. "पण ती घड्याळ मागतेय हो. हातात काही नसलं की चुकल्यासारखं वाटतं म्हणते. कधी येऊ न्यायला?"

पार्ट यायचाय, असं सांगून मी वेळ मारून नेली.