पैसे देऊन पेरलेलं गवत

“आरं, आम्ही जन्मभर गवत उपटलं आन् तू पैसं दिऊन पेरतूयस?”

व्हिडिओ कॉलवर अण्णांना लॉन दाखवत होतो, तेव्हा हे ऐकावं लागलं. साताऱ्याकडच्या माणसाला अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनमधलं लॉन समजावणं कठीण. त्यात मी त्यांना सांगत होतो की अण्णा, गवत पेरायचंय, पण त्यातलं गवत मारायचंय. ते चष्मा काढून हसत राहिले.

अडचण मात्र खरीच तेवढी आहे. डँडेलियनसारखं रुंद पानाचं तण असेल तर टू-फोर-डी हे तणनाशक मारलं की ते पिळवटून मरतं आणि गवताला काही होत नाही. अण्णाही ज्वारीत तेच मारायचे. पण क्रॅबग्रास हे तण स्वतःच गवत. वसंतात जमीन साधारण ५५ फॅरनहाइटपर्यंत तापली की ते रुजायला लागतं. इथले लोक थर्मामीटर न लावता फॉरसिथिया नावाच्या झुडपाची पिवळी फुलं बघतात. फुलं आली की ‘प्री-इमर्जंट’, म्हणजे तण उगवण्याआधीच टाकायचं औषध, टाकायचं. हे औषध जमिनीच्या वरच्या थरात बसून राहतं. बी फुटतं, पण त्याचं मूळ वाढत नाही. कुणाच्या बीचं, हे मात्र त्याला कळत नाही.

हे मला एप्रिल २०२३ मध्ये कळलं, म्हणजे पाकीट हलकं झाल्यावर. ‘क्रॅबग्रास प्रिव्हेंटर’ची, म्हणजे याच औषधाची, पिशवी टाकली आणि आठ दिवसांनी मोकळ्या जागांत महागडं बी फेकलं. तीन आठवडे रोज पाणी. उगवलं काय, तर कुंपणाच्या कडेला फूटभर रुंद एक हिरवी पट्टी. आधी वाटलं तिथली माती चांगली असेल. मग लक्षात आलं, वळताना स्प्रेडरची, म्हणजे औषध पसरायच्या ढकलगाडीची, फेरी तिथे चुकली होती. औषध पडलं नाही तेवढंच गवत आलं. बायको आजही त्या पट्टीला ‘तुझा डेमो प्लॉट’ म्हणते. पिशवीवर बारीक अक्षरात सगळं लिहिलेलं होतं. पुढे भर उन्हाळ्यात त्याच उघड्या जागांवर क्रॅबग्रास पसरलं ते वेगळंच; उशिरापर्यंत रुजत राहतं ते.

२०२४ साली मग वसंताचा नाद सोडला. न्यू जर्सीत फेस्क्यूची, म्हणजे इथल्या लॉनच्या गवताची, खरी पेरणी ऑगस्टअखेर ते सप्टेंबर. जमीन अजून ऊबदार, हवा उतरलेली, आणि क्रॅबग्रासचं आयुष्य संपत आलेलं. पहिल्या कडक हिमाला ते मरतंच, त्यामुळे त्याच्यावर औषध उडवत बसण्यात अर्थ नाही. तुरे पिकण्याआधी मोठी झुडपं तेवढी उपटली. ओल्या मातीत बसून केलेली ती सरळसरळ भांगलण होती. अण्णांना हा भाग पटला. “तण खाई धन,” म्हणाले, आणि गप्प बसले.

लेबर डेच्या सुट्टीत, ३१ ऑगस्टला, भाड्याने स्लिट सीडर आणला. जमिनीत बारीक चिरा पाडून बी सोडणारं यंत्र; कॅमेऱ्यात बघताच अण्णा म्हणाले, “ही तर पाभर.” तीन हजार चौरस फुटांना बारा पौंड टॉल फेस्क्यू. पिशवीवरच्या लेबलात या वेळी ‘वीड सीड’ची, म्हणजे तणाच्या बियांची, टक्केवारी वाचूनच घेतली होती.

पेरलं त्याच दिवशी, बाकीच्या तणासाठी, मेसोट्रायोन हे तणनाशक फवारलं. नवीन फेस्क्यूच्या बियाण्याबरोबर चालणारं हे मोजक्या औषधांपैकी एक. याचा जन्म मजेदार आहे: कॅलिफोर्नियात १९७७ साली एका शास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की बॉटलब्रशच्या झुडपाखाली तण फारसं येत नाही. त्या झाडातल्या द्रव्याच्या धाग्यावरून पुढे हे औषध बनलं. पुण्यात बंगल्याबंगल्यांतून लाल ब्रश लोंबतात ना, तेच झाड. माप अगदी काटेकोर, हजार चौरस फुटांना मोजके काही मिलिलिटर. मी औषध पाजायची सिरिंज वापरली (आणि नंतर फेकून दिली, हे घरच्यांच्या समाधानासाठी नमूद करतो).

याचा परिणाम म्हणजे तण पांढरं पडतं. अक्षरशः कागदासारखं. आणि ७ सप्टेंबरला आमच्याकडे गणपती! चाळीस माणसं आली, दोरी बांधून नव्या पेरणीवर पाय पडू दिला नाही, तर प्रत्येक जण दोरीपाशी थांबून विचारत होता, “लॉनला कोड आलंय का हो?”

त्याच पांढऱ्या ठिपक्यांत एका ज्येष्ठ काकूंनी वाकून एक पातं बघितलं आणि म्हणाल्या, “अरे, ही तर दूर्वा!”

होतीच. इथे तिला बर्म्युडाग्रास म्हणतात. आपल्या रानातली हरळी ती हीच. दक्षिणेकडच्या राज्यांत लोक तिचं लॉन करतात, आमच्या फेस्क्यूत मात्र ती तण. मेसोट्रायोनने ती पांढरी पडते, पण मरत नाही. जमिनीखालचे धुमारे शाबूत असतात, आठवड्या-दोन आठवड्यांत पुन्हा हिरवी. हरळी मरत नाही हे अण्णांना सांगायची माझी हिंमत झाली नाही. त्यांनी तिच्यापायी बैलजोडी दमवलेली आहे.

काकूंच्या हातातली जुडी मात्र मी काढून घेतली. फवारलेली दूर्वा देवाला कशी वाहणार? फवारणीच्या आदल्या दिवशी तिचे काही तुकडे खणून मी डेकवर कुंडीत लावून ठेवले होते. त्यातून तीन-तीन पात्यांच्या एकवीस जुड्या निघाल्या, जेमतेम.

फेस्क्यू दहाव्या दिवशी दिसायला लागला. दुसरी फवारणी उगवणीनंतर चार आठवडे थांबून केली. ऑक्टोबरअखेर लॉन बऱ्यापैकी भरलं होतं, कोपऱ्यातला हरळीचा चट्टा सोडून. तो या उन्हाळ्यात बघू.

कुंडी हिवाळाभर गॅरेजमध्ये होती, वाळून काडी झालेली. मे महिन्यात बाहेर काढली तर तिला फूट आली. काल बघितलं, एक धुमारा कुंडीच्या काठावरून खाली उतरून डेकच्या फळीवर पोचलाय. तिथून लॉन दोन फूट. कात्री घेऊन येतो.