दोन्ही स्टेशनं नंबर वन कशी? रेडिओवर जाहिरात देताना आलेला माझा अनुभव

2014 चा मे महिना. ठाण्यात जांभळी नाक्याजवळ आमचं दप्तरं-रेनकोटचं दुकान आहे, आणि शाळा सुरू व्हायच्या आधी एकदा तरी रेडिओवर जाहिरात देऊ म्हणून मी बाबांच्या मागे लागले होते. सोमवारी एका एफएमचा मुलगा लॅपटॉप घेऊन आला, ग्राफ दाखवला, म्हणे मुंबईत आम्ही नंबर वन. बुधवारी दुसऱ्या स्टेशनची मॅडम आली, तर तेही नंबर वन! वर दोघांच्या ग्राफखाली सोर्स एकच, रॅम.

मॅडमला कटिंग पाजला आणि सरळ विचारलं की हे काय आहे. ती बिचारी खरं बोलली. रॅम म्हणजे टीव्हीचे टीआरपी मोजणाऱ्या टॅम कंपनीचं रेडिओचं मोजमाप, 2007 मध्ये सुरू झालेलं. मुंबईत 12 वर्षांच्या वरचे 480 लोक, त्यांना डायरी द्यायचे, तिच्यात दिवसाचे 15-15 मिनिटांचे तुकडे पाडलेले असायचे आणि कुठल्या वेळी कुठलं स्टेशन ऐकलं तिथे खूण करायची. आता टपरीवर दिवसभर बसून राहणारे दहा जण आणि चहा मारून निघून जाणारे शंभर जण, यात धंदा कुणाचा मोठा? किती जण आले ते रीच, एकूण ऐकण्याच्या वेळातला वाटा म्हणजे शेअर. मुलाने शेअर दाखवला होता, हिने रीच, तोही फक्त 25 ते 34 वयाचा आणि संध्याकाळचा, हे खाली मुंगीएवढ्या अक्षरात. अहो, 480 मधून इतकं कापत गेलं तर उरतात किती!

त्यात ठाण्याला वेगळं एफएम नव्हतं, मुंबईचंच. म्हणजे विरारच्या माणसाचेही पैसे आपणच भरायचे, जो माझ्याकडे दप्तर घ्यायला कशाला येतोय. रेट 10 सेकंदांवर होता, वर तेव्हाचा 12.36% सर्व्हिस टॅक्स. शेवटी मॅडमच्याच स्टेशनवर 20 सेकंदांचे स्पॉट घेतले, दहा दिवस, आणि सकाळचेच हवेत असं बजावलं, कारण आया मुलांचे डबे भरताना रेडिओ लावतात (निदान मी तरी लावते). नंतर लॉग, म्हणजे कुठला स्पॉट कधी वाजला त्याची यादी, मागितला तर रोजचे तीन स्पॉट दुपारी अडीचला वाजलेले! भांडून तेवढे पुन्हा वाजवून घेतले, पण तोवर शाळा सुरू झाली होती.

मॅडम एक गोष्ट बोलली होती, की लोक डायरी रात्री आठवून आठवून भरतात, म्हणून तर स्टेशनवाले दर दोन गाण्यांनी स्वतःचं नाव ओरडत असतात. तेव्हा मी हसले होते. पण बाबा गल्ल्यावर वही घेऊन बसायचे, येईल त्या गिऱ्हाइकाला विचारायचे की कुठून कळलं. रेडिओवर ऐकलं म्हणणारे निघाले 41, आणि त्यातल्या 9 जणांनी नाव घेतलं त्या सोमवारवाल्या स्टेशनचं, जिथे आम्ही एक रुपयाही दिला नव्हता. बाबांनी वहीत त्यांच्यासाठी वेगळा रकाना आखला.