फुल्याफुल्यांचं रेक्विएम

बुधवार, रात्री पावणेबारा

आज ऑफिसात डोकंच फिरलं. दोन आठवडे खपून केलेलं माझं काम एका महाशयांनी मीटिंगमध्ये स्वतःचं म्हणून दाखवलं आणि मी बाजूला बसून मान डोलवत होते, का ते देवाला माहीत. घरी येताना बसमध्ये हेडफोन घातला आणि फ्रेंच गायक सर्ज गेन्सबूरचं 'रेक्विएम पूर अं कों' लावलं, स्वारगेट येईपर्यंत सात-आठदा तरी झालं असेल.

गाणं १९६८ चं, 'ल पाशा' नावाच्या पोलीसपटासाठी केलेलं. डायरेक्टर जॉर्ज लोत्नेर, हीरो जाँ गाबँ, साठी उलटलेला, आणि म्युझिक गेन्सबूर आणि मिशेल कोलोंबिए दोघांचं. पिक्चर आला मार्चमध्ये, मे महिन्यात विद्यार्थ्यांच्या आंदोलनाने पॅरिस पेटायच्या जरा आधी. मला त्यातली मजा वाटते ती ही की गाणं नुसतं मागे वाजत नाही, गेन्सबूर स्वतः पडद्यावर स्टुडिओत उभा राहून तेच रेकॉर्ड करत असतो आणि गाबँ तिथे येऊन टपकतो. जुन्या जमान्यातला दादा माणूस, आणि समोर ही असली धडधड.

याला रॉक म्हणायचं का यावर भांडणारे भांडोत, मला ते ड्रम्स पुरेसे आहेत. रेक्विएम म्हणजे खरं तर मेलेल्यासाठी चर्चमध्ये होणारी प्रार्थना, त्यामुळे सुरुवातीलाच तो सांगतो की ऑर्गन ऐक, तुझ्यासाठी वाजतायत, आणि आपल्या कानावर आदळतात ते ड्रम्स! वर हा गातच नाही, बोलतो. आवाज अजिबात चढवत नाही, पंखा जरा कमी करा म्हणावं तितक्या थंडपणे समोरच्याला ऐकवतो की ही चाल खास तुझ्यासाठी बांधलीय, छान आहे ना, अगदी तुझ्यासारखी. मला हे आयुष्यात जमलेलं नाही, मी चिडले की आधी रडूच येतं.

आणि गाण्याच्या नावातला तो 'कों' शब्द, फ्रेंचमधली शिवी. मराठीत काय म्हणायचं याला? मूर्ख म्हटलं तर शाळामास्तर बोलल्यासारखं वाटतं, येडा लाडाने पण म्हणतात, बावळट तर आई रोज म्हणते, आणि जे शब्द नेमके बसतात ते इथे लिहिले तर उद्या वाचताना मलाच लाज वाटेल. त्यांनाही अडचण आलीच होती म्हणा, रेकॉर्डच्या कव्हरवर शब्दाचं पहिलं अक्षर आणि पुढे नुसती टिंबं. म्हणजे आपल्याकडच्या फुल्याच की! त्याच पिक्चरमध्ये डायलॉग लिहिणाऱ्या मिशेल ओदियारने गाबँच्या तोंडी एक डायलॉग दिलाय, ज्या दिवशी असल्या लोकांना अंतराळात सोडतील ना त्या दिवसापासून तू पृथ्वीभोवती फिरतच राहशील अशा अर्थाचा. चंद्रावर जायची शर्यत चालू होती तेव्हाचा. मीटिंगमध्ये हा आठवला असता तर निदान मनातल्या मनात हसले तरी असते.

रात्री दूध तापवताना चमच्याने ओट्यावर तोच ठेका धरला आणि दूध उतू गेलं, ते पुसण्यात वीस मिनिटं गेली.

आत्ता त्या महाशयांचा मेसेज आलाय, प्रेझेंटेशनची एडिट करता येईल अशी फाइल पाठव म्हणून. पाठवली. फाइलचं नाव 'रेक्विएम' ठेवलंय, त्याला फ्रेंच येत नाही.