प, ष आणि धूसर स्क्रीन

स्क्रीन धूसर दिसली किंवा रेघा आल्या तर मॉनिटर बदलण्याआधी काय तपासायचं, असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. पुण्यात लोकांच्या घरी जाऊन कॉम्प्युटर दुरुस्त करणं हे माझं काम, आणि आठवड्यातून एकदा तरी हा फोन येतोच: "ताई, स्क्रीन धूसर दिसतेय. मॉनिटर बदलू का?" कधी 'अक्षरं फाटतायत' असतं, कधी 'रंगीत रेघा येतायत', कधी 'फोटोतली माणसं जाडी दिसतायत'. 'बदलू का' मात्र प्रत्येक फोनमध्ये असतं, आणि बहुतेकांनी दुकानात भावही विचारून ठेवलेला असतो. माझं उत्तर ठरलेलं आहे. थांबा, चित्र नक्की कुठे बिघडतंय ते आधी बघू. कॉम्प्युटर चित्र तयार करतो, केबल ते वाहून नेते, मॉनिटर ते दाखवतो आणि शेवटी आपले डोळे ते वाचतात. या चारपैकी कुठे गडबड आहे हे कळायच्या आत पैसे काढू नका.

नारायण पेठेतल्या एका काकूंचं सांगते. आयुष्यभर कागदी प्रुफं तपासलेल्या, आता पीडीएफवर मुद्रितशोधन करतात. जावयानं हौसेनं चोवीस इंची मॉनिटर आणून दिला आणि तेव्हापासून त्यांची झोप उडाली. त्यांची तक्रार इतकी नेमकी होती की मी ती विसरणार नाही. "अगं, मला प आणि ष सारखेच दिसतात. 'विशेष' आहे की 'विशेप' तेच कळत नाही. 'चिंच'मधला अनुस्वार वेलांटीत बुडून जातो." डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आल्या होत्या, नंबर होता तोच होता. तरी दोष आपल्याच नजरेचा असं धरून त्यांनी प्रकाशकाला कळवून टाकलं होतं, नवीन काम नको म्हणून. हे ऐकून मला फार वाईट वाटलं.

टेबलावर मॉनिटर, आणि त्याच्यामागे शब्दकोशांच्या गठ्ठ्याआड लॅपटॉप, झाकण अर्धवट मिटलेलं, वर पातळ रुमाल. झाकण पूर्ण लावलं की तो झोपी जातो, म्हणून तसा ठेवलेला. मी रुमाल काढून झाकण उघडलं. तेच पान लॅपटॉपवरही उघडं होतं, आणि तिथे 'विशेष'मधल्या ष च्या पोटातली तिरकी रेघ स्वच्छ दिसत होती. काकू वाकून बघतच राहिल्या.

झालं होतं असं. लॅपटॉपचा पडदा १३६६ बाय ७६८ ठिपक्यांचा, नवा मॉनिटर १९२० बाय १०८० चा. जोडणी 'डुप्लिकेट'वर होती, म्हणजे दोन्हीकडे एकच चित्र, आणि ते लॅपटॉपच्या मापाचं. आडवे १३६६ ठिपके १९२० ठिपक्यांवर पसरायचे म्हणजे एकाच्या वाट्याला साधारण १.४ ठिपके येतात. ठिपका अर्धा पेटवता येत नाही. मग मॉनिटर शेजारच्या दोन ठिपक्यांचे रंग एकमेकांत मिसळून वेळ मारून नेतो. जाड दांडी त्यातून निभावते. ष ची रेघ जेमतेम एका ठिपक्याची, ती करड्या डागात विरघळते आणि मागे प उरतो. इंग्रजी अक्षरांपेक्षा आपल्या देवनागरीला याचा त्रास जास्त होतो असं माझं मत आहे, कारण आपलं बरंचसं बारीक काम शिरोरेघेच्या वर आणि अक्षराच्या पोटात असतं.

विंडोजचं बटण आणि पी एकदम दाबून मी 'सेकंड स्क्रीन ओन्ली' निवडलं. मग डिस्प्ले सेटिंग्जमध्ये जाऊन रिझोल्यूशनपुढे, म्हणजे ठिपक्यांच्या मापापुढे, 'रेकमेंडेड' लिहिलेलाच आकडा आहे ना ते पाहिलं. चित्र एकदम धारदार झालं, पण अक्षरं बारीक झाली. इथेच बहुतेक लोक चुकतात. अक्षरं बारीक वाटली की रिझोल्यूशन खाली आणतात, अक्षरं मोठी होतात आणि कायमची पुसट होतात. मी पाहिलेल्या धूसर स्क्रीनपैकी बऱ्याच याच वाटेनं धूसर झालेल्या होत्या. आत्ताच्या सपाट पडद्यांचे ठिपके कारखान्यातच मोजून बसवलेले असतात, त्यामुळे रिझोल्यूशन पडद्याच्या मापाचंच ठेवायचं. जुन्या पेटीसारख्या मॉनिटरचं तसं नव्हतं, म्हणून अनेकांना 'पूर्वी चालायचं की' असं वाटतं. अक्षरं मोठी हवी असतील तर त्याच पानावर 'स्केल' असतं, ते १०० चं १२५ किंवा १५० टक्के करा. काकूंचं १२५ वर जमलं. जाताना पॉवर ऑप्शन्समध्ये झाकण लावल्यावर 'डू नथिंग' करून दिलं आणि रुमाल लॅपटॉपवर पुन्हा घालू नका म्हणून सांगितलं, आतली गरम हवा कोंडते.

आता तुमच्या घरी तुम्ही काय करायचं? माझ्या भरवशाच्या तीन परीक्षा आहेत, तिन्ही फुकट.

पहिली स्क्रीनशॉटची. स्क्रीन बिघडलेली दिसत असतानाच स्क्रीनशॉट घ्या आणि तो मोबाइलवर उघडून बघा. व्हॉट्सॲपनं पाठवणार असाल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटो म्हणून गेला तर तो दाबला जातो आणि नसलेला धूसरपणा चिकटतो. कॉम्प्युटरनं जे चित्र तयार केलं तेवढंच स्क्रीनशॉटमध्ये येतं. केबलमध्ये आणि पडद्यावर पुढे काय झालं ते त्यात उमटत नाही. मोबाइलवरही रेघा किंवा पुसटपणा दिसला तर मॉनिटर बिचारा निर्दोष आहे. मोबाइलवर स्वच्छ दिसलं तर रिझोल्यूशन, केबल आणि मॉनिटर यांच्यात शोधा.

दुसरी मॉनिटरच्या मेनूची. मॉनिटरच्या कडेला बटणं असतात, ती दाबून ब्राइटनेस वगैरेचा मेनू आणा. तो मेनू मॉनिटर स्वतः काढतो, कॉम्प्युटरचा त्याच्याशी संबंध नाही. मागचं चित्र वेडंवाकडं आणि मेनू मात्र कोरा करकरीत असेल तर पडदा ठीक आहे. मेनूवरूनही तीच रेघ जात असेल तर पडदा गेला, आणि मग खुशाल नवा मॉनिटर बघा.

तिसरी कालनिर्णयची. भिंतीवरचं काढून मॉनिटरला टेकवून धरा आणि नेहमीच्या जागी बसून तिथीची बारीक अक्षरं वाचा. तीही पुसट दिसत असतील तर चष्मा तपासून घ्या. वाचनाचा चष्मा साधारण हातातल्या पुस्तकाच्या अंतराचा असतो, मॉनिटर त्याहून लांब असतो. हनुवटी उचलून चष्म्याच्या खालच्या भागातून स्क्रीन बघायची सवय लागली असेल तर डॉक्टरांना मॉनिटरचं अंतर मोजून सांगा. काकूंसारखं उलटंही होतं, डोळे ठीक आणि दोष स्क्रीनचा, म्हणून ही परीक्षा दोन्ही बाजूंनी उपयोगी आहे.

केबलचं थोडक्यात. मागे निळी, दोन स्क्रूंची, १५ पिनांची केबल असेल तर ती व्हीजीए. १९८७ साली आयबीएमनं आणलेली ही जोडणी अजून कितीतरी घरांत चालू आहे. तिच्यातून चित्र कमीजास्त होणाऱ्या विजेच्या रूपात जातं, त्यामुळे पिन सैल असेल, केबल लांब असेल तर अक्षरांना सावली येते. एखादं मजकुरानं भरलेलं पान पूर्ण स्क्रीनभर उघडा आणि मॉनिटरवरचं 'ऑटो'चं बटण दाबा, मॉनिटर स्वतःला जुळवून घेतो. रिकाम्या डेस्कटॉपवर दाबलंत तर त्याला पुरेसा अंदाज येत नाही. कॉम्प्युटर आणि मॉनिटर दोन्हीकडे एचडीएमआय या नव्या जोडणीची सोय असेल तर पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून, तपकीर गल्लीतून, दीड मीटरची बरी केबल आणा आणि व्हीजीएला निरोप द्या.

टीव्ही मॉनिटर म्हणून लावला असेल तर वेगळीच गंमत असते. बरेच टीव्ही चित्र थोडं फुगवून कडा कापतात. खालची पट्टी अर्धी दिसत असेल तर ओळखा. टीव्हीच्या मेनूत 'जस्ट स्कॅन', 'स्क्रीन फिट' असं काहीतरी असतं, ते लावा, आणि त्या इनपुटला 'पीसी' असं नाव देता येत असेल तर द्या. काळ्यावर लाल अक्षरं फुटत असतील तर याच नावानं बहुधा सुधारतात. शार्पनेस खाली आणा. तो चढवला की अक्षरांभोवती पांढरी किनार येते.

बाकी सगळं स्वच्छ आणि एकच प्रोग्राम पुसट, असंही होतं. आपल्याकडे पेजमेकर या पानांची मांडणी करायच्या प्रोग्रामवर अजून काम करणारे आहेत, आणि त्याची शेवटची आवृत्ती २००१ ची. अशा जुन्या प्रोग्रामला स्केल ठाऊक नसतो, म्हणून विंडोज त्याचं चित्र ताणून मोठं करते. त्याच्या आयकॉनवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी, 'चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज', आणि सगळ्यात खालच्या चौकटीत टिक करून 'ॲप्लिकेशन'. मेनू बारीक होतील, पण रेघा धारदार होतील. मांडणीचं काम करणाऱ्याला दुसरी गोष्ट जास्त मोलाची, असं मला वाटतं.

माणसं जाडी दिसणं बहुधा विंडोज नव्यानं टाकल्यावर सुरू होतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडॉप्टर' दिसलं तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला चित्राचा भाग नीट चालवू देणारा प्रोग्राम, बसलेलाच नाही, म्हणून चित्र चुकीच्या मापाचं होऊन आडवं ताणलं जातं. तो लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून घ्या. 'सगळे ड्रायव्हर आपोआप अपडेट करतो' म्हणणारे फुकटचे प्रोग्राम घेऊ नका, ते बरोबर नको ते पाहुणे आणतात. अपडेटनंतरच बिघडलं असेल तर तिथेच 'रोल बॅक ड्रायव्हर' आहे. आणि चालता चालता चित्र अडकलं तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र दाबा. स्क्रीन क्षणभर काळी होऊन ड्रायव्हर नव्यानं सुरू होतो, उघडलेली कामं जात नाहीत.

राहिल्या रेघा आणि रंगीत चौकटी. यात बघायचं एकच: कॉम्प्युटर चालू केल्या केल्या कंपनीचा लोगो येतो, तेव्हाही रेघा आहेत का? असतील तर ड्रायव्हरचा दोष नाही, कारण विंडोज अजून उठलेलीच नाही. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर चित्रासाठी नेहमीची रॅमच, म्हणजे कॉम्प्युटरची मेमरीच, वापरली जाते, आणि पावसाळ्यात दमट हवेनं तिच्या सोनेरी पट्ट्यांवर थर धरतो. जुलैत माझे निम्मे फोन याचेच असतात. डेस्कटॉप असेल तर बंद करून प्लग काढा, कॅबिनेटच्या धातूला हात लावा, रॅम काढून पट्ट्यांवरून पांढरं खोडरबर हलक्या हातानं फिरवा, कचरा मऊ ब्रशनं झटका, आणि दोन्हीकडच्या खटक्यांचा आवाज येईपर्यंत परत बसवा. कधी उघडलं नसेल तर माहीतगाराला शेजारी बसवा.

गेल्या पावसाळ्यात कर्वेनगरात इंजिनिअरिंगच्या एका मुलाकडे गेले होते. सेकंडहँड कार्ड, आधी गेम खेळताना दहा मिनिटांनी ठिपके यायचे, आता लोगोवरही हिरव्या रेघा. पंख्यातली धूळ काढली, काही फरक नाही. कोणीतरी त्याला सांगितलं होतं की चिपला हीट देऊन घे, हजार-दीड हजारात होईल. मी नको म्हटलं. तापवल्यावर कार्ड काही दिवस चालतं, पुन्हा तेच होतं, आणि तोवर पैसे गेलेले असतात. त्याचं सबमिशन दोन दिवसांवर होतं. रेघांमधून वाट काढत आम्ही आधी प्रोजेक्टचं फोल्डर पेन ड्राइव्हवर घेतलं, मग बंद करून कार्ड उपसलं. त्याच्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स होतं, म्हणून केबल मागच्या बाजूला, मदरबोर्डच्या एचडीएमआयमध्ये लावली. त्यानं बटण दाबलं आणि लोगो स्वच्छ आला.